‘श्वास बघ’ सापडत नाही

दादा नऊ तारखेला गेला. सकाळी दाढी करता करता बेसिनपाशी कोसळला आणि डॉक्टर येण्याआधीच संपला. दहा तारखेला कंपनीच्या सर्व्हरवर त्याच्या नावाने बिल्ड, म्हणजे कोडाची बांधणी, यशस्वी झाला. अकरा तारखेलाही झाला. बारा, तेरा, चौदा, रोज सकाळी अकरा वाजता, न चुकता. पंधरा तारखेला पहिल्यांदा फसला आणि मग फसतच राहिला.

ही यादी त्याच्या धाकट्या बहिणीने पाहिली ती आठ महिन्यांनी, त्याच्याच खुर्चीत बसून. तिचं खरं नाव वेगळं होतं. लहानपणी हट्टाला पेटली की पाय आपटायची, म्हणून दादाने तिची ठमी करून टाकली होती. एकेचाळीस वर्षांची झाली, स्वतःची दोन मुलं तिच्या डोक्याच्या वर गेली, तरी फोन उचलला की दादाचं सुरू व्हायचं, “काय गं ठमे.” आता त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. आपण मात्र तिला ठमीच म्हणू.

दादाची कंपनी लहानशी. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या तिथे बनत. दादा आणि त्याचा कॉलेजातला मित्र, दोघांनी मिळून ती उभी केली. मित्राला सगळे मालक म्हणत. मालकांनी काच, पत्रा, परवाने आणि विक्री बघायची, दादाने पेटीचा मेंदू. तो मेंदू म्हणजे त्याने स्वतःच्या हाताने रचलेला छोटासा कर्नल, यंत्र चालवणारा गाभ्याचा प्रोग्रॅम. आत किती ऊब आहे हे सेकंदाला पन्नास वेळा सेन्सरला विचारायचं आणि हीटरला सांगायचं, चालू हो, बंद हो. अशा कर्नलमध्ये उत्तर नुसतं बरोबर असून भागत नाही, ते ठरल्या क्षणी यावं लागतं.

आता जुनी चिप बाजारातून गेली होती. नव्या चिपसाठी कर्नल नव्याने बांधायला हवा होता, आणि दादाच्या कोडात हात घालायची कोणाची छाती होत नव्हती. ठमी दुसऱ्या एका कंपनीत हेच काम करायची. मालकांनी फोन केला, “तू सोडून कोणाला जमणार नाही गं.” तिने तीन आठवड्यांची रजा टाकली आणि आली.

पहिल्या दिवशी बिल्ड सुरू केला तर दोनशे चौदा एरर. ती घाबरली नाही. एक हेडर फाईल जागेवर नसली की कोड यंत्राच्या भाषेत आणणारा कंपायलर घर डोक्यावर घेतो, हे तिला ठाऊक होतं. ती फाईल एका जुन्या फोल्डरात सापडली आणि एकशे नव्वद एरर एका फटक्यात गेले. मग कंपायलरची आवृत्ती बदलली. मग नव्या चिपच्या मेमरीचा नकाशा दुरुस्त केला. हे सगळं सवयीचं होतं. सवयीचं नव्हतं ते कोडाच्या मधोमध दादाचं बोलणं. इंग्रजी अक्षरांत मराठी शेरे लिहायची त्याला खोड होती. एके ठिकाणी लिहिलं होतं, “इथे हात लावू नकोस. लावलासच तर पुढच्या सत्तर ओळी वाच आणि मग रड.” ठमीने हात लावला, सत्तर ओळी वाचल्या, आणि तिला आधी हसू फुटलं. मग ती उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

त्याची खुर्ची तिच्यासाठी उंच होती, पण खालचा खटका तिने दाबला नाही. टेबलाच्या कडेला त्याच्या मनगटाने घासून गुळगुळीत झालेली जागा होती, तिचंही मनगट नेमकं तिथेच जाऊन टेकायचं. बाजूच्या चाचणीच्या खोलीत सहा पेट्या ओळीने उभ्या असत, प्रत्येकीत एक रबरी बाहुली. दिवसभर त्या पेट्या कोणाचीच नसलेली बाळं ऊबदार ठेवत. ठमी तिथून जाताना नकळत हळू चालायची.

चौथ्या दिवशी ते दोनशे चौदा संपले आणि नवा एकच एरर समोर आला. तो कंपायलरचा नव्हता, लिंकरचा होता. सगळे तुकडे तयार झाल्यावर लिंकर ते एकमेकांना जोडतो, आणि एखादा तुकडा नसला की स्पष्ट सांगतो. त्याचं म्हणणं एवढंच होतं की ‘श्वास बघ’ नावाच्या फंक्शनला इथून हाक मारली आहे, पण ते कुठेच सापडत नाही.

ठमीने सगळं कोड पालथं घातलं. हाक होती, ओ देणारं कोणी नव्हतं. तेव्हाच तिने सर्व्हरची यादी उघडली. कोपऱ्यातला तो जुना सर्व्हर रोज अकराला कर्नल बांधून बघायचा, ही सोय दादानेच लावलेली. बांधणाऱ्याच्या रकान्यात त्याचं नाव. फसला की त्यालाच मेल. त्याच्या खात्यात दोनशे चाळीसच्या वर न वाचलेल्या मेल होत्या आणि सगळ्यांचं म्हणणं तेच, ‘श्वास बघ’ सापडत नाही. माणूस जाऊन आठ महिने झाले होते आणि यंत्र त्याला रोज सकाळी हेच विचारत होतं.

पण ती अडली ती दहा ते चौदा तारखांपुढच्या, यशस्वी बिल्डच्या पाच हिरव्या खुणांपाशी. तो नसताना पाच दिवस ते फंक्शन सापडत होतं. देत कोण होतं?

मालक मागे येऊन उभे राहिले. “काय अडलंय?”

तिने दाखवलं. मालकांनी वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेल्यासारखं तिला वाटलं, पण आवाज नेहमीचाच होता. “एकच ओळ आहे ना? मग ती काढून टाक.”

“कशासाठी होती ते कळल्याशिवाय?”

“अगं, दादाचं तुला माहीत नाही का? शंभर गोष्टी करून बघायचा, नव्वद तशाच सोडायचा. काढ तू.”

तिने ओळ काढली. एरर शून्य. नव्या बोर्डावर कर्नल पहिल्याच झटक्यात उठला, आकडे दिसू लागले, हीटर तालात चालू-बंद होऊ लागला. मालकांनी सगळ्यांना बोलावून दाखवलं. ठमीची पाठ थोपटली गेली. तिला मात्र कोणीतरी खोलीच्या दारात उभं राहून आत न येता बघतंय असं वाटत राहिलं. दोनदा तिने वळून पाहिलं. दार लोटलेलं होतं.

चाचणीच्या खोलीत एक बाई गेली सोळा वर्षं होत्या. त्यांना सगळे थर्मामीटर म्हणत, कारण पेटीत नुसता हात घालून त्या अर्ध्या अंशापर्यंत तापमान सांगत आणि सहसा चुकत नसत. ओळ काढल्यानंतर तिसऱ्या दिवशी, जेवणानंतर, त्यांनी ठमीला हाक मारली. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच ठमी धावत गेली.

“तीन नंबर, नवा बोर्ड घातलाय ती. पडदा काय म्हणतोय?”

“छत्तीस पूर्णांक चार.”

“हात घाल.”

ठमीने गोल झरोक्यातून हात घातला आणि चटकन मागे घेतला. आत भट्टी झाली होती. बाईंनी साधा पाऱ्याचा तापमापक आत टाकला होता, तो त्रेचाळीस दाखवत होता. पडद्यावर छत्तीस पूर्णांक चार. बाहुलीचा गाल बोटाखाली मऊ लागला.

“पडदा खोटं बोलतोय,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी भिंतीतलं बटण बंद केलं. “आणि जास्त तापली की हीटर तोडणारी दुसरी सोय आहे ना, ती पण त्याच सेन्सरला विचारते. मी दादांना कितीदा म्हटलं होतं.”

“हे आधी कधी झालं होतं?”

बाईंनी बाहुली बाहेर काढून कापडावर ठेवली. “माझ्यासमोर नाही. पण मध्ये काही दिवस दादा रोज इथे येऊन बसायचे. काही बोलायचे नाहीत. नुसते पडद्याकडे बघत बसायचे. मी म्हटलं, काय बघताय? तर म्हणाले, आकडा हलतोय का ते.”

‘श्वास बघ’ कंपनीत कुठेच नव्हतं, म्हणजे असलंच तर दादाच्या घरी; ठमी त्याच पावली तिकडे गेली. वहिनीने दार उघडलं. दोघी स्वयंपाकघरात बसल्या. इकडच्या तिकडच्या चार गोष्टी झाल्या आणि ठमीने विचारलं, “वहिनी, दादा गेल्यावर, चौदा-पंधरा तारखेला घरात काय झालं होतं?”

वहिनी दचकली. “तुला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. काय झालं होतं?”

“त्यांचा कॉम्प्युटर बंद केला मी.” वहिनी ओट्याकडे बघत बोलत होती. “ते गेले तेव्हा चालूच राहिला होता. पंखा घरघरायचा त्याचा. भेटायला आलेली माणसं निघून गेली, घर शांत झालं की आतल्या खोलीतून तोच आवाज. मला वाटायचं हेच श्वास घेताहेत. आणि रोज अकराच्या सुमाराला मध्येच जोरात फिरायचा, मिनिटभर. धाप लागल्यासारखा. पाच दिवस ऐकलं गं मी. मग नाही ऐकवलं. जाऊन बटण दाबलं, आणि त्यानंतर कितीतरी दिवस मला वाटत राहिलं की मीच...”

तिने वाक्य पुरं केलं नाही. ठमीने तिचा हात धरला. पाच हिरव्या खुणांचं कोडं तिला एवढ्यात उलगडलं होतं. सर्व्हर रोज अकराला या घरातल्या कॉम्प्युटरकडून ती एक फाईल मागून घ्यायचा. दादाने ती कंपनीत ठेवलीच नव्हती. उलगडलं, म्हणून अंगावरचा काटा गेला असं मात्र झालं नाही.

खोलीत हवा कोंडली होती. वहिनी दारातच थांबली. ठमीने बटण दाबलं, पंखा घरघरला, आणि वहिनीने पदर तोंडाशी नेला. पासवर्ड वहिनीला ठाऊक होता. फाईल पहिल्याच जागी होती.

कोड जेमतेम चाळीस ओळींचं. सेन्सरचा आकडा वीस सेकंद शेवटच्या दशांशापर्यंत जसाच्या तसा राहिला, तर सेन्सर अडकला असं समजायचं, हीटर तोडायचा, घंटा वाजवायची. वर दादाचा शेरा होता. तो लांब होता.

“ठमीने फोनवर सांगितलं तसं केलं. अडकलेला आकडा बसून राहतो, जिवंत आकडा थरथरतो, तेवढं बघ. तिला कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने पाय आपटले असते.”

ठमीला तो फोन आठवला. तीन वर्षं झाली असतील. ती ऑफिसातून निघायच्या घाईत होती. “तुमच्याकडे सेन्सर अडकतो का गं कधी?” त्याने विचारलं होतं. तिने चपला घालता घालता उत्तर दिलं होतं, अगदी याच शब्दांत, आणि शेवटी “चल, ठेवते” म्हणाली होती. का विचारतोस, एवढं विचारायला किती वेळ लागला असता?

शेऱ्यात पुढे एका पेटीचा नंबर होता आणि एका इस्पितळाचं नाव. पेटी तापली. पडद्यावर छत्तीस होते म्हणून कोणी पाहिलं नाही. बाळ तिसऱ्या दिवशी गेलं. “वजनच कमी होतं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. फाईल कंपनीत ठेवली तर तपासणीवाले विचारतील ही का आहे. म्हणून इथे. सगळ्या पेट्यांत नवा कर्नल घातला, सुधारणा म्हणून. चार पेट्यांपर्यंत पोचलो नाही. इस्पितळं बदलली, पत्ते लागले नाहीत. शोधतोय.” त्याखाली चार नंबर होते आणि दोन पुसटसे पत्ते.

“काय आहे?” वहिनीने विचारलं. ठमीने वाचून दाखवलं. वहिनी भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. “तरीच ह्यांना झोप नव्हती,” एवढंच म्हणाली.

दुपारचे साडेतीन वाजले होते. ठमीने तिथूनच फोन लावायला घेतले. एका पेटीचे काही महिन्यांपूर्वीच सुटे भाग झाले होते. दुसरी अडगळीत होती. तिसरीसाठी पाच ठिकाणी फोन करावे लागले, ती पुरात भिजून मोडीत निघाली होती. चौथी एका लहानशा इस्पितळात निघाली. फोनवर सिस्टर होत्या, घाईत.

“पेटीच्या मागच्या पट्टीवरचा नंबर वाचून दाखवता?”

सिस्टरांनी कुरकुरत वाचला. तोच होता.

“आत कोणी आहे?”

“आहे की. काल संध्याकाळी ठेवलंय. किलोच्या आसपास आहे.”

ठमी उठून उभी राहिली. “सिस्टर, पडद्याकडे बघू नका. झरोक्यातून हात घाला आणि मला सांगा.”

पलीकडे पावलांचा आवाज, एक खटका, मग काहीच नाही. वहिनीने ठमीचा दंड घट्ट धरला होता. मागे पंखा घरघरत होता आणि ठमी त्या आवाजातच दादाला सांगत होती, थांब, थांब जरा.

“कोमट आहे. नेहमीसारखं. काय झालंय?”

“काही झालेलं नाही. पण बाळाला दुसऱ्या पेटीत हलवा. आत्ता. मी फोन धरून थांबते.”

“तुम्ही कोण सांगणार? डॉक्टर आहात?”

“पेटी ज्याने बनवली त्याची बहीण आहे मी.”

काय ऐकलं सिस्टरांनी त्या आवाजात कोण जाणे, पण त्यांनी कोणाला तरी हाक मारली. सात मिनिटांनी त्या परत आल्या. “हलवलं. झोपलंय.” ठमीने आभार मानले, फोन ठेवला आणि दादाच्या टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या खोलीत तिने कागद समोर ठेवले. मालकांनी चष्मा काढला. “मला आधी विचारायचं होतंस.”

“विचारलं असतं तर काय सांगितलं असतंत?”

मालकांना ती वेण्या घालायची तेव्हापासून ओळखत होती. आज पहिल्यांदाच ते तिला म्हातारे दिसले.

“तुला वाटतंय मी त्याला दाबलं,” ते म्हणाले. “नाही गं. दोघांनी बसून ठरवलं होतं. कंपनी बुडेल, साठ घरं आहेत पाठीशी, असं मी म्हणालो. तो म्हणाला, तू गप्प राहा, मी निस्तरतो. आणि निस्तरत बसला. माझ्याशी बोलणंच तोडलं त्याने मग. रोज यायचा, मान हलवायचा आणि त्या खोलीत जायचा.” त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “ती ओळ काढ म्हणालो तेव्हा मला माहीत होतं ती कसली आहे.”

ठमीला त्यांच्यावर संतापायचं होतं. पण दादाला बाजूला काढून एकट्या मालकांवर संतापता येईना, आणि दादावर संतापायला तो जागेवर नव्हता.

“पत्रावर सही करा,” ती म्हणाली. “सगळ्या इस्पितळांना आणि तपासणीवाल्यांना. काय झालं, कधी झालं, कोणाला माहीत होतं.”

“त्याचंही नाव येईल त्यात.”

“येऊ दे.”

मालकांनी सही केली. त्याला दोन दिवस लागले, पण केली. तपासणीवाले आले, पेट्यांची विक्री सात महिने बंद राहिली, बरीच माणसं सोडून गेली. थर्मामीटरबाई गेल्या नाहीत. दुसरी सुरक्षा-सोय स्वतंत्र सेन्सरवर घेतली गेली तेव्हा त्यांनी बाहुली नवी मागून घेतली. ठमीने ‘श्वास बघ’ कंपनीच्याच कोडात, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, आणि वर कारण लिहिलं, बाळाच्या वजनासकट. बिल्ड झाला. बांधणाऱ्याचं नाव बदलून तिथे तिने स्वतःचं घातलं.

पत्रं गेली तरी एक काम राहिलंच होतं. इस्पितळाकडून त्या गेलेल्या बाळाच्या घरचा पत्ता आणि नंबर मिळाला, त्यालाही पंधरवडा होऊन गेला होता. ठमी रोज नंबर काढायची आणि ठेवून द्यायची. शेवटी एका सकाळी वहिनी म्हणाली, “मी बसते शेजारी. लाव.”

फोन बाळाच्या आईनेच उचलला. ठमीने कंपनीचं नाव सांगितलं.

“तुम्ही त्यांच्या कोण?” बाईने विचारलं.

“कोणाच्या?”

“एक गृहस्थ आले होते. आमचं बाळ गेल्यावर वर्षभराने. उंच, चष्मा नव्हता, मनगटापाशी शर्ट विरलेला. पेट्या बनवणाऱ्या कंपनीतून आलोय म्हणाले. मी पाणी दिलं. ते प्यायले, पेला दोन्ही हातांत धरून बसून राहिले. मग म्हणाले, येतो. दारापर्यंत जाऊन पुन्हा मागे आले, आणि तसेच गेले. मी ह्यांना तेव्हाच म्हटलं, ह्या माणसाला काहीतरी सांगायचं होतं.”

ठमीने वहिनीकडे पाहिलं. वहिनीला फोनमधलं सगळं ऐकू येत होतं. तिचे डोळे मिटलेले होते.

“मी त्यांची धाकटी बहीण,” ठमी म्हणाली. “ते आता नाहीत.”

“अगंबाई,” पलीकडची बाई म्हणाली. ती खरोखरच हळहळली, आणि त्या हळहळीने ठमीला आणखीच लाज वाटली. मग एक खुर्ची ओढल्याचा आवाज आला. “मग तुम्ही सांगा. मी बसले आहे.”

ठमीने सुरुवातीपासून सांगायला घेतलं. काही लपवलं नाही, दादाचं नाही आणि स्वतःच्या त्या घाईच्या फोनचंही नाही. बाईने मध्ये एकदाही तिला थांबवलं नाही.